पाण्यातून गाळलेला धूर

४ मार्च, सैदा
सौसनला दिवस गेले! माझा लेक वाएल कामावरून फोनवर रडतच होता, वेडा. मी खुशीत हुक्का भरला, सुनेला नळी दिली. तिने ती परत माझ्या हातात ठेवली. "आजपासून बंद, आई." हिने? जिला कॉफीच्या आधी धूर लागतो? बघू, किती दिवस टिकतंय!

११ मार्च
टिकतंय. भांडी आपटते, बडीशेप चघळते, पण नळीला हात नाही.

२ एप्रिल
सकाळी गच्चीवर शेजारणींनी तिला घेरलं. निझारची आई म्हणाली, "अगं, सिगरेट वाईट. हा तर पाण्यातून गाळून येतो! मी पाच पोरं काढली यावर."

सौसनने हुक्क्यातलं पिवळं पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढे धरलं. "पाण्यात एवढंसंच राहिलं, मावशी. बाकीचं कुठे गेलं?" मग म्हणाली, "सुईणबाई सांगतात, बाळाला पोटात श्वास कमी पडतो. वाढ खुंटते, वेळेआधी येतं. कधी हातचं जातंही. आणि आई, तुम्ही शेजारी बसून ओढता ना, तेही पोचतं त्याला."

मला राग यायला हवा होता. अभिमानच वाटला. माझ्या वेळी कुणी असं बोललं असतं तर!

३ एप्रिल
हनान आठवतेय. माझी पहिली. सातव्या महिन्यातच आली, मुठीएवढी — चार दिवस राहिली. त्याआधी नणंद नझीहा म्हणाली होती, "काय सुंदर दिसतंय पोट!" नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाअल्ला न म्हणता. तिचीच नजर लागली. एकतीस वर्षं बोलले नाही तिच्याशी, एकाच गल्लीत राहून.

हुक्का तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ ओढायचे.

५ एप्रिल
हुक्का निझारच्या आईला देणार होते. पण तिचीही सून गरोदर. नळीच कापून टाकली. सौसनने बडीशेपेची डबी पुढे केली. गुणाची पोर.

२० जुलै
हात अजून शिवशिवतात. तिला कसं जमलं?

८ नोव्हेंबर
मुलगी! तीन किलो चारशे! रडली तर दवाखाना दणाणला. वाघीण आहे माझी सून!

धीर करून सुईणबाईंना हनानचं विचारलं. म्हणाल्या, "धुरानंच गेली असं ठामपणे नाही सांगता यायचं. पण नजरेनं नाही, एवढं नक्की."

९ नोव्हेंबर
बाळ झाल्यावर करतात ती मेघली शिजवली, तांदळाच्या पिठाची मसालेदार खीर; वर अक्रोड घातले. पहिला वाडगा घेऊन नझीहाचं दार वाजवलं. केस पांढरे झालेत तिचे. म्हटलं, "नजर तुझी नव्हती गं. चल, नातीला बघायला. माशाअल्ला नाही म्हणालीस तरी चालेल."