तिच्या नावाची राखण

४ नोव्हेंबर, मंगळवार.
सकाळी बँकेत गेलो. टोकन नंबर सतरा. हिच्या मृत्यूचा दाखला द्यायचा होता, म्हणजे हिचं खातं बंद होईल. भिंतीवर बोर्ड होता : आपली कागदपत्रे अनोळखी व्यक्तीच्या हाती देऊ नका. काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाई माझ्या ओळखीच्या नाहीत. सोळावा नंबर पुकारल्यावर उठलो. दाखला पिशवीतून तसाच परत आणला. मुलीचा फोन आला, तेव्हा सर्व्हर डाऊन होता असं सांगितलं. असेलही. मी विचारलं नाही.

५ नोव्हेंबर.
तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. सहीशिवाय स्क्रूसुद्धा कुणाला दिला नाही. कामगार माझ्यामागे मला कुलूप म्हणायचे. असा माणूस फसणार नाही.
मुलगी म्हणते, माझा पासवर्ड शेंबडं पोरही ओळखेल. हिचं नाव आणि लग्नाचं साल. लगेच बदलला. नवा अत्यंत अवघड.
सकाळी ११.३० : नवा आठवत नाही.
दुपारी १ : जुनाच परत ठेवला. तात्पुरता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
हिच्या मोबाइलवर फोन. बँकेतून बोलतोय, मॅडम आहेत का? गेलेल्या माणसाच्या खात्यावर चोरांचा डोळा असतो, असं मुलगी सांगते. तेव्हा ही गेल्याचं कुणाला कळूच द्यायचं नाही, हे धोरण. अंघोळीला गेली आहे, म्हणालो. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. म्हटलं, अजून तिथेच आहे. तो म्हणाला, फार वेळ लागतो की मॅडमना. मी म्हणालो, आज केस धुणार आहे. मग केसांवरून विषय गुडघ्यावर गेला, गुडघ्यावरून जिन्यावर, जिन्यावरून बिनसाखरेच्या चहावर. तो जन्मतारीख मागत होता. दिली नाही. शेवटी त्यानेच "बरं काका, ठेवतो" म्हणून फोन ठेवला.
एकूण बावीस मिनिटं. गुप्त माहिती काहीही दिलेली नाही.
हिचा फोन रोज चार्ज करणं किती आवश्यक आहे, हे यावरून सिद्ध झालं.

९ नोव्हेंबर, रविवार.
मुलगी आली. दाराशी हिच्या चपला का, बेसिनवर दोन ब्रश का, अशी चौकशी. घरात एकटा माणूस राहतो हे बाहेर कळू नये म्हणून, असं सांगितलं. ब्रश बाहेरून दिसतो का, म्हणाली. मी विषय बदलला. तिने चपला पुसल्या आणि होत्या तिथेच ठेवल्या.
निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बाबा, उद्या कुणी आईच्या नावाने तिसराच माणूस वावरायला लागला, तर चालेल तुम्हाला?"
चालणार नाही. या आठवड्यात दाखला देणार म्हणजे देणार.

१२ नोव्हेंबर.
बँकेत जायला निघालो होतो, पण आधी जुने कागद नष्ट करणं महत्त्वाचं. बारीक तुकडे केले. त्यात विजेचं चालू बिल गेलं. हिच्या अक्षरातली एक यादीही गेली : साबण, टाचण्या, यांचे बूट शिवायला. दुपारभर ती चिकटपट्टीने जोडली. सुरक्षिततेच्या दृष्टीने फाटका कागद घरात नको. टाचण्यांचा 'ण्या' सापडत नाही. तीनदा उठून कडी पाहिली. लावलेली होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
नामी युक्ती सुचली. हिच्या खात्यात कॉम्प्युटरवरून मीच शिरायचं, पासवर्ड बदलायचा आणि खातं आतून बंदोबस्तात ठेवायचं. मग दाखल्याची गरजच नाही.
पासवर्ड माहीत नव्हता. 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं. एक प्रश्न आला. हा प्रश्न खातेदाराने स्वतःच लिहायचा असतो. हिने लिहिला होता :
यांना मी मनात काय म्हणते?
संधी तीन.
'अहो' लिहिलं. चूक.
खोलीत फेऱ्या मारल्या. पाणी प्यायलो. 'कुलूप' लिहिलं. चूक. बरं वाटलं.
मग माझं नुसतं नाव लिहिलं. ते तिने कधी घेतलं नव्हतं. टाइप करायला वेळ लागला. चूक.
खातं गोठलं. त्याच क्षणी कपाटावर हिचा फोन वाजला. मेसेज : तुमच्या नावाने कुणीतरी खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला. ते तुम्हीच होतात का? हो / नाही.
फोन हातात घेतला.
'नाही' दाबलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
टोकन नंबर एकशे चार. दाखला दिला. खातेदार आपल्या कोण, असं चष्मेवाल्या बाईंनी विचारलं. बायको आहे, म्हणालो. त्यांनी फॉर्म भरला. कुणीतरी यांच्या खात्यात शिरू पाहत होतं, काका, बरं झालं वेळेवर आलात, म्हणाल्या. मी मान हलवली.
त्या प्रश्नाचं उत्तर बघता येईल का, असं विचारलं. सहज.
"ते आम्हालाही दिसत नाही. अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या येतात. खातं बंद झालं की त्याही पुसल्या जातात."
किती चांदण्या, ते विचारायचं राहिलं. वाटेत आठवलं. परत गेलो, तोवर शटर खाली आलं होतं.
घरी आलो. कडी लावली. हिचा फोन चौऱ्याऐंशी टक्क्यांवर होता. चार्जिंगला लावला.