टिकू काडी होतो तेव्हा

प्रिय छकुले,

तुझा टिकू आता बरा आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. लग्नानंतर हट्टाने सोबत नेलेला हा एवढासा पोपट तू उन्हाळ्यात परत आणून ठेवलास, घरात जागा पुरत नाही म्हणालीस आणि चहासुद्धा न घेता गेलीस. तेव्हा तो स्वतःच्या छातीची पिसं उपटत होता. मी त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ‘काका, ही जात दुखणं लपवते. तोंडाकडे लक्ष देऊ नका, अंगाकडे बघा.’

जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेतली, आता मूठभर पाखराचं अंग वाचायला बसलो. पिंजरा शिलाई मशीनशेजारीच टांगलाय. पिसं जराशी फुलवून, एक पाय वर ओढून चोच करकर घासायला लागला की समजावं, स्वारी सुखात आहे, डुलकी लागणार. मान वरखाली करत माझ्या अंगठ्यावर दाणे ओकतो, ते त्याचं प्रेम. तुझ्या आईला ते प्रेम झेपत नाही, ती फडकं घेऊन धावते. आणि कधी सगळी पिसं अंगाला चिकटवून काडीसारखा बारीक होतो, ताठ, पापणीही हलत नाही. ती भीती. मशीन धडधडलं, कुकरची शिट्टी झाली, शेजारचं कुत्रं भुंकलं, तरी तो काडी होत नाही. किल्ल्या वाजल्या की होतो. दुकानाचा जुडगा मी हल्ली रुमालात गुंडाळून ठेवतो.

गेल्या आठवड्यात जावईबापू येऊन गेले. फळांची टोपली, आईच्या गुडघ्यांची चौकशी, सगळं रीतसर. तू का आली नाहीस विचारलं, तर म्हणाले, तिला कुठे वेळ असतो. बोलता बोलता गाडीची किल्ली बोटावर फिरवत होते. टिकू काडी झाला. आणि मग, छकुले, तो बोलला. इथे आल्यापासून त्याने एक शब्द काढला नव्हता. अगदी तुझ्या ढंगात, हळू, पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, ‘चुकलं माझं. परत नाही करणार. चुकलं माझं.’ आईच्या हातातली कपबशी तशीच राहिली. जावईबापू हसले, म्हणाले, पोपटच तो, काहीही ऐकतो आणि बडबडतो. इथून ते तुझ्याकडेच जाणार होते, म्हणून मीही हसलो.

ते गेल्यावर मला आठवलं, टिकूला सोडून गेलीस त्याच्या आधीच्या खेपेला कुडत्याचं माप घेताना मी टेप तुझ्या खांद्यापाशी उचलली, तेव्हा तूही श्वास रोखून अशीच आक्रसली होतीस. मी म्हणालो, वाळलीस गं. तू म्हणालीस, मजेत आहे बाबा. आणि मी मापं लिहून घेतली.

फोन तेच उचलतात. तू उचललास तरी मागे कोणी उभं असल्यासारखी बोलतेस. म्हणून हे पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. वाचून फाडून टाक. उत्तर लिहू नकोस, आमची समजूत काढू नकोस. लोक काय म्हणतील याचा आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि सोडून दिला. शाळा सुटली की त्या घरी जाऊ नकोस. दागिने, कागद, काहीही घ्यायला जाऊ नकोस. कपडे शिवायला बाप आहे. शुक्रवारी मी शाळेच्या फाटकासमोर उभा असेन. पत्र उशिरा पोचलं तर सोमवारी, मंगळवारी, रोज उभा असेन. दुकान बंद राहिलं तर राहू दे. तू फक्त फाटकाबाहेर ये. पोरी, हात जोडतो तुला, ये.

तुझाच,
वाटेकडे डोळे लावलेला
बाबा