इंजिनामागचा सेल्फ

१२ मे, मंगळवार

गाडी आजही मुकी! किल्ली फिरवली की चूं नाही की चां नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, सेल्फ गेलाय, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर. तो पार इंजिनाच्या मागे. एवढ्या जुन्या गाडीत मी हात घालत नाही." दादा रविवारी भंगारवाल्याला आणणार. मी उघडते म्हटलं तर म्हणे, "हसं करून घेशील!" — बघतेच.

गाडी बंद पडल्यापासून बाबा नुसते खिडकीशी बसतात. बघवत नाही. आधी त्यांच्या हातून खांबाला घासून गाडीचा डावा आरसा मोडला, मग हे. गाडी सुरू झाली की माणूस उठेल.

१४ मे

नवा सेल्फ आणला. वरचे पाइप काढले. प्रत्येक वायरला खुणेची टेप, टोक दुमडून. बाबांची शिकवण — "टोक शोधत पुढच्याला नखं घासायला लावू नये." आज मात्र स्टुलावर गप्प! मुद्दाम चुकीचा पाना उचलला, तरी गप्प. मला चैनच पडेना.

१५ मे

खालचा बोल्ट हलेना. कोपरापर्यंत हात सोलवटला. आई म्हणाली, "पुरे कर गं आता." तिच्यावरच खेकसले. उगाच.

१६ मे

बोल्ट सुटला! जाड वायर काढली. किल्लीकडून येणारी बारीक वायर सापडेना; तिच्याशिवाय सेल्फ फिरत नाही. हातातला छोटा आरसा आत धरून पाहिलं — ती आधीच काढून, मागे वळवून, टेपने बांधलेली. टेपचं टोक दुमडलेलं.

"बाबा, हे तुम्ही?"

त्यांनी पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "खालून हात जातो. तिथे डोळे लागत नाहीत." आणि मग — "डावीकडून माणसं एकदम उगवतात गं. आरसा खांबाला नव्हता लागला. सायकलवाला होता. वाचला बिचारा. दादाला सांगू नकोस. जिना उतरायलासुद्धा सोबत देईल मला."

आधी राग आला, मग रडू. सांगायचं ना मला! जुना सेल्फ बॅटरीला लावून पाहिला. ठणठणीत.

१७ मे, रविवार

बारीक वायर होती तशी बांधली, टेपचं टोक दुमडून. सगळं परत बसवलं. दादा भंगारवाल्याला घेऊन हसतच आला. "काय मग, इंजिनिअरबाई?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, "नाही पोचला हात."