धापेचा रकाना

"ज्याला धाप लागलेली नाही, त्यानं पिस्तुलाबद्दल बोलू नये," असे माझे वडील आल्फ्रेड प्रिब्नाऊ १९९४ च्या उन्हाळ्यात खडीच्या खाणीत मला म्हणाले होते. त्या वाक्यावर मी तीस वर्षे काढली, म्हणून या कागदाची सुरुवातही त्यानेच करते. माझ्या वकील ग्रेचेन ओडेगार्ड यांनी ते दोनदा खोडले. मी तिसऱ्यांदा लिहिले आहे.

मी, जोलीन मार्गेट प्रिब्नाऊ, वय सत्तेचाळीस, अविवाहित, व्यवसाय खेळ लिहिणे, राहणार बेल प्रेअरी, विस्कॉन्सिन, हे शुद्धीवर असताना, स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही आग्रहाशिवाय लिहून ठेवते. आग्रह पुष्कळांनी केला, पण तो न लिहिण्याचा होता. येत्या मंगळवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. त्यातून उठण्याची शक्यता डॉक्टरांनी दहात चार सांगितली आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

आमचा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आणि न्यायाधीश त्यांत असतील असे मी धरते, दोन ओळी लिहिणे भाग आहे. ‘चार शतकांची वाट’ हा टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळायचा खेळ आहे. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट चालवतो. गोष्ट एका घराण्याच्या चारशे वर्षांची असते. पात्र मेले की खेळाडूने तिथेच, टेबलावर, त्याचे मृत्युपत्र लिहायचे आणि त्याचे पिस्तूल पुढच्या पिढीच्या पात्राच्या हाती द्यायचे, असा आमचा रिवाज आहे. अशी दोनशेच्या वर मृत्युपत्रे मी लिहिली आहेत, तेव्हा मला सवय आहे. फक्त या वेळी पुढचे पात्र नाही.

खाली घर येईल, गाडी येईल. पण मी लिहायला बसले ते एकाच गोष्टीसाठी. येत्या हिवाळ्यात खेळाची तिसरी आवृत्ती छापायला जाते आहे. तिच्या पिस्तुलांच्या यादीत धापेचा रकाना परत येणार की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

१. घर, गाडी आणि बँकेत जे काही असेल ते माझी बहीण लोइस हिला. तिने तळघरातली ओल आधी काढून घ्यावी. मी सहा वर्षे नुसती म्हणत राहिले. हा मसुदा वाचून ती म्हणाली, "अगं, मृत्युपत्रात कोणी भांडतं का?" लोइस, मग कुठे भांडायचे? तू तर विषय निघाला की ओव्हनमधले कॅसरोल बघायला उठतेस.

२. बाबांची अकरा खरी पिस्तुले परगण्याच्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयाला. बाबा बंदुका दुरुस्त करत. त्यांच्या दुकानात आलेली आणि मालकांनी परत न नेलेली ही आहेत. त्यांतले डागण्याचे भाग आधी काढून घ्यावेत. काचेच्या कपाटाखाली "वीरांची शस्त्रे" किंवा तसले काही लिहू नये. कोणाची होती, किती जड आहेत, भरायला किती वेळ लागतो, एवढे लिहावे. बाकी बघणाऱ्याला कळते.

३. माझ्या तीन हिरव्या वह्या माय ली झाँग हिला. माय ली शाळेत भूगोल शिकवते आणि बारा वर्षे आमच्या शनिवारच्या टेबलावर येते. या वह्यांत काय आहे ते इथेच लिहून ठेवते, कारण छापील पुस्तकात ते आता कुठेही नाही.

सतराव्या वर्षी मी हा खेळ रचायला घेतला तेव्हा सामानाच्या यादीत पिस्तुलांचे पान करायचे होते. मी वाचनालयातून पुस्तके आणली आणि साल, वजन, नळीची लांबी, किंमत, पल्ला असे रकाने आखले. बाबांनी कागद पाहिला आणि विचारले की धरणाऱ्या माणसाचा रकाना कुठे आहे. मग त्यांनी मला गाडीत घातले.

खाणीत त्यांनी दहा पावलांवर चर्चच्या सहलीतून उरलेली कागदी ताटली टांगली. मला म्हणाले की भीती काही मला तयार करता येत नाही, पण धाप येते. खडीचा चढ पळत दोनदा वर जायचे, दोनदा खाली यायचे, आणि छाती भात्यासारखी चालत असताना पिस्तूल हातात घेऊन डागायचे. अशा दहा गोळ्या. ताटलीला किती लागल्या तो आकडा बाबा वहीत लिहीत. तीन उन्हाळे आम्ही हेच केले. दुकानातली, गावकऱ्यांनी उसनी दिलेली, बाबांनी जुन्या आराखड्यांवरून स्वतः घडवलेली, अशी चौतीस पिस्तुले झाली.

किल्लीने चाक पिळून ठिणगी पाडणारे, १५४० च्या सुमाराचे: दहात दोन, आणि तीन वेळा ते पेटलेच नाही. घोडेस्वाराचे, चकमकीच्या दगडाने पेटणारे: तीन. ठासणीचे, द्वंद्वासाठी केलेले, नक्षीदार दस्त्याचे: तीन, आणि ते विकत घेणाऱ्याला हे कोणी सांगितले नसावे. सहा गोळ्यांचे फिरते रिव्हॉल्वर: चार. आजच्या पोलिसांच्या कमरेला असते ते, सतरा गोळ्यांचे: पाच. चारशे वर्षांच्या अकलेने दहातल्या तीन गोळ्या सुधारल्या. बाबांनी हा शेवटचा आकडा लिहिला आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

पहिल्या आवृत्तीत हा रकाना होता. खेळाडूने पिस्तूल उपसले की दहा बाजूंचा फासा टाकायचा. रकान्यातल्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी पडले तरच गोळी लागली. त्यामुळे आमच्या टेबलावर लोक पिस्तूल काढण्याआधी बोलून बघत, पळून बघत, पैसे देऊन बघत. कित्येक गोष्टी त्यामुळेच घडल्या. दुसऱ्या आवृत्तीतून रकाना गेला. माय लीने तो माझ्या वह्यांवरून पेन्सिलने आपल्या प्रतीच्या समासात उतरवून घेतला आहे. मी तिला विचारले होते, एवढे कष्ट कशाला. ती म्हणाली, "काकू, तो नसला की सगळे फार पटकन शूर होतात."

४. ओमाहाचे श्री. व्हर्जिल स्टॅडलर यांना एक कागदी ताटली, चार भोकांसकट. स्टॅडलर यांनी मला एकोणीस पत्रे लिहिली, सगळी एकाच रिव्हॉल्वरच्या वजनावर. माझ्या यादीत ते दोन औंस कमी आहे असे त्यांचे म्हणणे. विसावे पत्र येण्याऐवजी ते स्वतः मिलवॉकीच्या मेळाव्यात आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि माझ्यावरून नजर टाकून विचारले की हे आकडे खरे कोणी काढले, त्यांच्याशी बोलायचे आहे. मी म्हणाले, तो गृहस्थ जेवायला गेला आहे. स्टॅडलर चाळीस मिनिटे थांबले. मी त्यांना खुर्ची दिली. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, आणि खुर्ची दिल्याचा जास्त आहे.

५. आता आमचा खेळ छापणारी कंपनी. ती अर्धी माझी आणि अर्धी टेरेन्स हाल्व्हर्सन याची. टेरी आणि मी नववीपासून एका बाकावरचे. पुस्तकाची मांडणी, छपाई, विक्री, मेळावे हे सारे तो बघतो. माझ्याकडून हे कधीही झाले नसते, हे मी इथे शपथेवर सांगते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी रकाना त्याने काढला. पानात मावत नाही, असे आधी सांगितले. मी वजनाचा रकाना काढ म्हटल्यावर खरे ते बोलला.

"लोक दिवसभर ऑफिसात, दुकानात हरून येतात, जो. शनिवारी चार तास जिंकायला येतात. ताटलीवरचा नेम चुकवायला कोण येतं?"

"मी."

"तू एकटीच आहेस तशी."

पुस्तक त्याच्या पद्धतीने तिप्पट खपले. तेव्हापासून आमच्या खेळात पिस्तूल उपसले की लागते. साल कुठलेही असो, धरणारा शेतकरी असो की शिंपीण. पूर्वी जिथे तासभर बोलणे चाले तिथे आता धडाधड दोन मिनिटांत प्रसंग संपतो, आणि मग सगळे माझ्याकडे बघतात, की सूत्रधारबाई, पुढे काय. पुढे काही नसते. मेलेल्या माणसांचे पुढे काय होणार?

तिसऱ्या आवृत्तीसाठी मी चार वेळा विचारले. एकदा क्लबात, शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला, सगळ्यांसमोर. त्याने माझ्यासाठी आणखी एक ब्रँडी मागवली आणि विषय बदलला.

श्रीमती ओडेगार्ड यांनी मला मार्ग दाखवला. माझा अर्धा हिस्सा टेरीला द्यायचा तो रकाना छापण्याच्या अटीवर; अट मोडली तर हिस्सा शिकागोच्या एका कंपनीकडे, जी तीन वर्षे मागणी घालते आहे. तसा मसुदा टाइप होऊन आला. मी तो आठवडाभर स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवून ठेवला. येता-जाता वाचून मला बरे वाटत असे. मग लक्षात आले, की अट घातली तर टेरी रकाना छापेल, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, आणि मेळाव्यात सांगेल की आमच्या जोची शेवटची इच्छा होती, तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. आणि शिकागोवाल्यांना रकाना नको, नाव हवे आहे.

म्हणून मी माझा संपूर्ण हिस्सा टेरेन्स हाल्व्हर्सन याला कोणत्याही अटीशिवाय देते. श्रीमती ओडेगार्ड यांनी "अट नाही?" असे तीनदा विचारल्याची इथे नोंद करते.

६. अंत्यविधी आमच्याच चर्चमध्ये. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी, त्याच टेबलांवर जिथे आम्ही शनिवारी दुपारी खेळतो. हवेत गोळ्या झाडून सलामी देण्याचा विचार शिकारी क्लबातल्या कोणाच्या डोक्यात आला तर लोइसने तो काढावा. शवपेटीत फासे टाकू नयेत. मी आमच्या लोकांना ओळखते, ते टाकणार. निदान चांगले फासे तरी टाकू नका. ते माय लीला लागतील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी लोइसने करावी.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

जोलीन एम. प्रिब्नाऊ

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही आणि ज्यांनी तशी तक्रारही केलेली नाही:
सिग्ने टोलेफ्सन, पाद्री
डेल कुचार्स्की, शेजारी, टपाल खात्यातून निवृत्त

बेल प्रेअरी, विस्कॉन्सिन
गुरुवार, ६ जून २०२४

श्रीमती ओडेगार्ड यांनी मला बजावले आहे, की सहीच्या खाली जे लिहाल त्याला कायद्यात काही किंमत नाही. तिथे वाणसामानाची यादी लिहिलीत तरी चालेल. म्हणून हे मुद्दाम खाली लिहिते आहे.

टेरी, रकाना तू काढलास असे मी सोळा वर्षे सांगत आले. ते पुरते खरे नाही. २००७ सालचा मार्चमधला शनिवार तुला आठवत असेलच. गोष्टीत साल १७३५, नदीवरचा धक्का, आणि तुझा कप्तान बार्नबस टल समोरच्या तिघांवर चकमकीचे पिस्तूल रोखून उभा. तीन किंवा कमी हवे होते. तू फासा टाकलास. आठ पडला. नेम चुकला म्हणजे पुढच्या क्षणी बार्नबस मेला, हे टेबलावरच्या सहाही जणांना कळले. तू फाशावर तळहात ठेवलास.

"तिरका पडलाय," तू म्हणालास. "वहीला टेकलाय. हा धरायचा नाही."

फासा कशाला टेकून तिरका राहिला तर पुन्हा टाकायचा, हा नियम जगातल्या प्रत्येक टेबलावर आहे. पण तो तिरका नव्हता. वही वीतभर लांब होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण सूत्रधार मी होते. तुझा चेहरा मला दिसत होता. त्याच हिवाळ्यात तुझी आई गेली होती. मी म्हणाले, "हो, तिरकाच आहे. टाक पुन्हा." तू टाकलास, दोन आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी रकाना गेला. तो त्याच दुपारी गेला होता, टेरी, आणि घालवला मी. हे तुला सांगायला मला इतकी वर्षे लागली, याबद्दल मला तुझ्यापेक्षा माझीच चीड जास्त येते.

काल तू फुले घेऊन आलास. मी दहात चार सांगितले. तू म्हणालास की डॉक्टर लोक उगाच घाबरवतात, दुसरीकडे दाखवून घे, दुसरा काहीतरी वेगळे सांगेल. तू फुलांना पाणी घालायला म्हणून बाहेर गेलास आणि परत आला नाहीस.

बार्नबस टल आता दोनशे एकोणनव्वद वर्षे जिवंत आहे. आमच्या सगळ्यांच्या नऊ-नऊ पिढ्या झाल्या, मृत्युपत्रांनी खोके भरले. तुझे त्यात एकही नाही.

पुस्तकात काय छापायचे ते तू ठरव. मी एवढेच मागते. मी गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात जाऊन बस, माय लीला सूत्रधार कर, आणि सगळ्यांसमोर सांग की तो आठच होता. बार्नबसला धक्क्यावर मरू दे. मग कागद घे आणि त्याचे मृत्युपत्र तुझ्या हाताने लिही.

तू नाही म्हणशील. तरी मागते.

जो