इदान्रेचा डोंगर आणि तात्यासोंचा मान

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

तात्यासोंनी फोन आपटला. फुटला नाही, तेवढंच पुण्य!

सम्मेदनं लग्न ठरवलंय. मुलगी नायजेरियातली, योरुबा. नाव मोरेनिके. आमचा मुलगा तिकडं इबादानला फौंड्रीत इंजिनिअर, ती आकुरेच्या कॉलेजात भूगोल शिकवते. लग्न जानेवारीत, तिच्या गावी, इदान्रेला. मला तर मुलगी फोटोतच आवडली. तात्यासोंनाही आवडली असणार, कारण तिच्याबद्दल वाकडा शब्द निघाला नाही. (आमचे हे सगळ्या बाजारपेठेचे तात्यासो, म्हणून वहीतही तात्यासोच. समोर अजून ‘अहो’!)

बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. त्यांच्यात म्हणे नवरामुलगा मुलीकडच्यांसमोर जमिनीवर पालथा पडून नमस्कार करतो. भर मांडवात!

"मान मुलाकडच्यांचा असतोय. आन् आपला पोरगा त्यांच्यासमोर आडवा? मी न्हाय येणार. तू जा."

जन्मभर गुळाची अडत चालवलेला माणूस. यांनी नाही म्हटलं की सौदा संपला.

रविवार, ९ नोव्हेंबर

मोरेनिके मला व्हिडिओ पाठवते. ‘आईंना आमचा मुलूख दाखवते’ म्हणते. ती इंग्रजीत बोलते, मागून सम्मेद मराठी करून सांगतो.

आज ओलुमो. अबेओकुटा शहरातला भला थोरला कातळ. लढायांच्या काळात माणसं त्याच्या कपारीत लपून जगली, आणि मग भोवती शहर वसलं. दगडात दळणाचे खळगे अजून तसेच आहेत. म्हणजे जीव मुठीत धरूनसुद्धा बायकांना दळण काही चुकलं नाही!

आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता. तात्यासो पेपर धरून बसलेले. पान काही उलटेना.

"पन्हाळ्यावानी हाय," म्हणाले. मला नाही, पेपरला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज ओशोग्बोचं रान. ओशुन नदीच्या काठावर, नदी हीच देवी. तिथं झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही, नदीतला मासाही धरायचा नाही. आपल्या शाहूवाडीकडच्या देवराया आठवल्या.

"मासाबी धरत न्हाईत?" तात्यासोंनी दोनदा विचारलं. जैनाच्या काळजाला हात घातला पोरीनं!

गुरुवार, २० नोव्हेंबर

इकोगोसीचे झरे बघितले. एक गरम, एक गार, शेजारी शेजारी वाहतात आणि पुढं एक होतात. आमचा संसार बघायला लोक इतक्या लांब जातात!

रविवार, २३ नोव्हेंबर

हसून हसून पोट दुखलं. 

तात्यासोंना बळंच व्हिडिओ कॉलसमोर बसवलं. मोरेनिके दिसली, गोड हसली, आणि एकदम गायब! नुसती भिंत.

"गेली की! नेट गेलं काय गं?" तात्यासो फोन हलवायला लागले.

सम्मेद तिकडून ओरडतोय, "तात्या, गेली न्हाय, खाली हाय! गुडघं टेकून नमस्कार करतीया. तुमी उठ म्हणा की!"

तात्यासो इतके गडबडले की स्वतःच उभे राहिले. "ऊठ बाळ, ऊठ ऊठ!" 

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. पहिल्या घासालाच म्हणाले, "पोरी वाकत्यात तवा आपल्याला काय वाटत न्हाय."

"म्हणजे?"

"काय न्हाय. आमटी वाढ."

सोमवार, १ डिसेंबर

आज इदान्रेचा व्हिडिओ आला! काळेभोर गोल डोंगर, एकाला एक खेटून बसलेले. गाव पूर्वी वर होतं, अगदी डोंगराच्या माथ्यावर. शंभरेक वर्षांपूर्वी माणसं खाली आली. जुना राजवाडा, न्यायाची जागा, सगळं वर राहिलं. मोरेनिकेचे पणजोबा तिथलेच. वर जायला पायऱ्या आहेत.

तात्यासो दरवर्षी माणसं गोळा करून शिखरजीच्या यात्रेला नेतात, तो डोंगर अनवाणी चढतात. डोंगर दिसला की त्यांचे पाय शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे.

"मधी विसाव्याला जागा हाय काय? वर पाणी मिळतंय?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तर येणार नाही."

"इचारायला काय पैसं पडत्यात?"

शुक्रवार, १२ डिसेंबर

माझा पाय मोडला. धुणं घेऊन जिन्यावरून घसरले. प्लास्टर घातलंय, प्रवास बंद.

रडले. पायासाठी नाही. आता पोराच्या लग्नात आमच्या घरचं कुणीसुद्धा नसणार. यांना तोंडावर म्हटलं तसं. यांनी माझ्या पायाखालची उशी नीट केली आणि बाहेर गेले.

मंगळवार, १६ डिसेंबर

काल तात्यासो दिवसभर बाहेर. विचारलं तर "सौद्याला गेलतो." आज अंघोळीनंतर दंडावर चिकटपट्टी दिसली, सदऱ्याच्या खिशात पुण्याच्या दवाखान्याची पावती. पिवळ्या तापाची लस! ती घेतल्याशिवाय तिकडं जाता येत नाही. गडी पुण्याला जाऊन टोचून आला!

मी काही बोलले नाही. बोलले तर फिरायचे.

सोमवार, ५ जानेवारी २०२६

तात्यासो निघाले. निघतानाही भांडण झालंच. तिकडं मुलाकडच्यांनी आहेरात कंद न्यायचे असतात, ढीगभर. "जमिनीखालचं आपण खात न्हाय, लोकांस्नी कसं देऊ?" शेवटी मोरेनिकेच्या वडिलांनीच निरोप धाडला: कंद आम्ही घरचे मांडतो, तुम्ही तुमचं काय असेल ते आणा. मग काय, निम्मी बॅग गुळानं भरली.

दारातून मागं वळून म्हणाले, "त्यानं पडायचं तर पडू दे. मी लांब हुबा ऱ्हाईन. बघणार न्हाय."

जाऊ दे. पोचले तरी पुष्कळ.

शनिवार, १० जानेवारी

आज लग्न. शेजारची निशिगंधा माझ्यासमोर फोन धरून बसली होती, म्हणून सगळं दिसलं. तिकडं नवऱ्यामुलाबरोबर त्याच्या बाजूचे पुरुषही रांगेनं पालथे पडतात. आमच्या सम्मेदला फौंड्रीतले दोघंच मिळाले. समोर सगळा मांडव मुलीकडच्यांचा. तिघं आडवे झाले. मग कडेनं कुणीतरी आलं, टोपी काढली, सम्मेदच्या शेजारी सावकाश गुडघे टेकले आणि पालथं पडलं. मुलीचे वडील धावतच आले उचलायला.

नंतर फोनवर विचारलं, "अहो, हे काय केलंत?"

"आपल्या पोराच्या बाजूला घरचं कोणच न्हवतं गं."