होर्शमला उरलेले लॅमिंग्टन

होर्शम, मंगळवार

प्रिय थेल्माताई,

दंडवत. (कंबर वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात घातलाय, गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? मेंढ्या कशा आहेत? तो म्हातारा कुत्रा अजून पोस्टमनच्या अंगावर धावतो का? नाताळाचं कार्ड पोचलं. 'पाऊस बरा आहे. थेल्मा.' मागच्या वर्षी नुसतंच 'पाऊस नाही. थेल्मा.' होतं. म्हणजे एक शब्द वाढला. मी खूश आहे.

माझंही झकास चाललंय. चाळीस वर्षांत राणी झाले, न्यायाधीश झाले, दोन सिनेमांत नन झाले, एका बालनाट्यात घोड्याचे मागचे पाय झाले. (पुढचे पाय दारू पिऊन आले होते, त्यामुळे त्या दिवशी घोडा मी एकटीनेच ओढला.) आणि गेली सहा वर्षं टीव्हीवरच्या मालिकेत नवऱ्यांना विष घालतेय. दोन गेले, तिसऱ्याला खोकला लागलाय.

तर सध्या नव्या नाटकाच्या तालमीसाठी आमची मंडळी इथं उतरलीय. रविवारी इथल्या बायकांनी हॉलमध्ये चहाला बोलावलं. बोलावलं म्हणजे अर्थात खाण्याची आपापली ताटली घरून भरून आणायची. मी सकाळी मोटेलवाल्याच्या स्वयंपाकघरात घुसून तुझ्या कृतीने चोवीस लॅमिंग्टन केले. केक, चॉकलेट, वर खोबरं, सगळं अगदी तू करायचीस तसं. (थोडं खोबरं अजून माझ्या भुवयांत आहे.) बायका यायच्या, ताटलीकडे बघून सुस्कारा सोडायच्या, 'कुणी केलेत गं?' विचारायच्या, आणि माझं नाव कळलं की हात शेजारच्या काकडीच्या सँडविचकडे वळायचा. बेरिलबाई म्हणून अध्यक्षीण आहेत, त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे हो आमचा, पण एकदा ह्यांना विचारून घेते." शेवटी मी सगळ्यांदेखत तीन खाऊन दाखवले. तर मागून कुणीतरी म्हणालं, "तिला सवय असेल." एकवीस परत आणले. पण राग नाही आला बघ. इतकी मनापासूनची दाद कुठल्या समीक्षकानेही दिली नव्हती.

पेपरवाले लिहितात, हिची एक भूमिका दुसरीसारखी नसते. त्यांना काय माहीत! राणीची चाल तुझी, मेंढ्या मोजत फिरायचीस तेव्हाची. न्यायाधीशाचं खाकरणं तुझं. आणि विष घालणारी ज्या हिसक्याने कपाट लावते ना, तो तर त्या सकाळचा. लोकर कातरायचा हंगाम, जेवायला अकरा माणसं, आणि मी तो सगळा स्वयंपाक तुझ्या एकटीच्या गळ्यात टाकून नाटक कंपनीच्या गाडीत चढले. तू नुसतं हिसक्याने कपाट लावलंस. चुकलंच माझं, ताई. त्या कपाटाला मात्र दोन बक्षिसं मिळालीत.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी,
लॉरेल

ता. क. नव्या नाटकात मी मोठी बहीण आहे. शेवटी धाकटी दारात येऊन उभी राहते आणि मोठी तिला माफ करते. शब्द एकही नाही, सगळं चेहऱ्यावर दाखवायचं. सहा आठवडे झाले, जमत नाहीये. दिग्दर्शक म्हणतो, "लॉरेल, तुझं पोट दुखतंय असं वाटतं." पहिल्या प्रयोगातही नाही जमलं तर पुढे भूमिका दुसरीला देणार आहे तो. मी तरी काय करू? तुझे बाकी सगळे चेहरे पाहिलेत, तो एक कधी पाहिलाच नाही.

ता. क. दुसरा. शनिवारी दुपारी दोनला तुमच्या हॅमिल्टनच्या हॉलमध्ये पहिला प्रयोग आहे. तिकीट सोबत पाठवतेय. खुर्ची दाराजवळची घेतलीय, तुला उठून जावंसं वाटलं तर अडचण नको.

ता. क. तिसरा. आधी एक वाजता चहा आहे, आणि मी लॅमिंग्टन आणतेय. नाटक नाही पाहिलंस तरी चालेल. चहाला ये आणि सगळ्यांदेखत एक उचलून खा. मी समोरच उभी असेन, तुझ्या चेहऱ्याकडे बघत.