तुझ्या नावाने काढलेला केसपेपर

ती. ताई,

सा. नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघे, पित्त, बीपी आणि भाऊजी, सगळं ताब्यात आहे ना? मंगळवारी आमच्या डॉक्टरबाईंनी थेट तुझ्या घरी फोन केला, पेशंटला ताबडतोब पाठवा म्हणाल्या, आणि भाऊजी भरल्या ताटावरून उठले, हे कळलं मला. त्यांना सांग, तू ठणठणीत आहेस. घोळ माझा आहे.

बावीस वर्षं मी या बायकांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. बाकावरची कोण कशाला आली, हे मला न विचारता कळतं. पहिल्यांदा पाळी आलेली पोरगी आईच्या मागे लपते, लग्नाला दोन वर्षं झालेली मोबाइलमध्ये तोंड खुपसते, सातवा लागलेली ऐटीत फेऱ्या मारते, आणि पन्नाशीची पंख्याखालची खुर्ची बळकावून म्हणते, मला काही नाही हो, मैत्रिणीसाठी विचारायचंय. (या मैत्रिणी अजून एकदाही उगवलेल्या नाहीत.) असल्या बायांना मी धारेवर धरते. लाजायचं काय त्यात? पाळी येते तशी जाते, आणि गेलेली परत आली तर शेजारणीला विचारत बसायचं नाही, आधी इथे यायचं!

तर ताई, माझी जाऊन तीन वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात परत डाग दिसले. दोनदा. आणि मी, एवढी अनुभवी, बाईंच्या केबिनमध्ये ताठ उभी राहून म्हणाले की माझ्या ताईला असं असं होतंय. बाईंनी चष्मा काढला. (त्या चष्मा काढतात तेव्हा मला घाम फुटतो.) बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं, पण तपासल्याशिवाय सोडायचं नाही, म्हणाल्या, आणि माझ्याच हातांनी तुझा केसपेपर काढायला लावला. वय विचारलं तेव्हा गडबडून माझंच सांगितलं, म्हणजे तू आठ वर्षांनी लहान झालीस, उपकार मान. मग रोज विचारणा, ताई कुठे? मी तुला आधी लग्नाला पाठवलं, मग तुझा पाय मुरगळला, मग तू माझ्यावर रुसलीस. शेवटी बाईंनी केसपेपरवरचा नंबर फिरवला. (नंबर खरा लिहायची सवय, काय करू!)

उपाय असा आहे. गुरुवारी अकराला ये, टेबलावर झोप, तपासून घे. तुझं सगळं छानच निघणार, की मी सुटले.

तुझी धाकटी

ता. क. भाऊजींना आणू नकोस. ते बाकावर बसून बायकांना सल्ले देतील.

ता. क. २ : पत्र पुन्हा वाचलं. तपासणी तुझी आणि बरी मी? अशी बाई काउंटरवर आली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं.

ता. क. ३ : आत्ताच बाईंना खरं सांगून आले. रागावल्या नाहीत गं, म्हणून जास्तच भीती वाटली. तुझं नाव खोडून माझं लिहिलंय. तू तरी ये. टेबलावर मी झोपेन, तू फक्त उशाशी उभी राहा आणि मला कशावरून तरी रागावत राहा.